सोनूबाईचं जुनेर

मी दारात बसले की कुणाची आत जायची हिंमत होत न्हाई. यम जरी आला तरी त्याला म्हणीन, बाबा, आधी साबणानं हात धू, मंग बघू तुझं काय काम हाये ते. जालन्याच्या मस्तगडात ही खोली घेतल्यापासून माझं हेच चाललंय. दारात खुर्ची, पायाशी पाण्याची बादली, बादलीच्या काठावर साबण, अन् माझं तोंड. ह्यात तोंडच जास्त झिजतं, असं खाली राहणारी घरमालकीण मैमूना म्हणते.

आत माझी सून, अर्पिता. रक्ताचा कॅन्सर. तिची पोरगी ओवी मांडीवर होती तवाच निघाला. आम्ही आपलं बाळंतपणाचा अशक्तपणा आसल, डिंकाच्या लाडवानं जाईल, असं धरून बसलो. अंगावर काळेनिळे डाग उठायला लागले तवा डोळे उघडले अन् तिला जालन्याला आणलं. घनसावंगीहून दर खेपेला जीपमधी कोंबून आणायचं म्हणजे रोगाच्या आधी आपणच तिला मारायचं. म्हणून माझ्या आदिनाथनं दवाखान्याजवळ ही खोली बघितली. तो उसाचं, कापसाचं बघायला गावाकडं ये-जा करतो. इथं आम्ही तिघी.

डॉक्टरनं पहिल्याच दिवशी मला समोर बसवून घेतलं. म्हणाले, "आजी, या औषधानं रोग मरतो, पण अंगातले राखणदारही मरतात. पांढऱ्या पेशी. त्या परत येईपर्यंत हिच्या अंगाला दारच नाही असं समजा. तुम्हाला साधी सर्दी होईल, तेवढ्यानं ही जाऊ शकते."

दार न्हाई ना, मंग दार मी, असं मी तवाच ठरवलं.

तिच्या दंडातून एक बारीक नळी घातल्ती, ती आतल्या आत पार काळजाजवळ जाते. औषध तिच्यातूनच सोडायचं, रक्त तिच्यातूनच काढायचं, म्हणजे सारखं टोचायला नको. बाहेर बोटभर शेपूट, त्याला टोपण, वर काचेसारखी चिकटपट्टी अन् त्याच्यावर जाळीचा मोजा. दर आठवड्याला ज्योत्स्ना सिस्टर पट्टी बदलायची, औषधी पाणी सोडून नळी धुवायची. तिनं मला बजावून सांगितल्तं, "ही नळी म्हणजे रक्ताचा सरळ रस्ता आहे आजी. बाहेरचा जंतू इथून शिरला तर मधे कुठं थांबणार नाही. भिजू द्यायची नाही, या मोज्याशिवाय झाकायला काही घालायचं नाही, कुणी हात लावायचा नाही."

आता हे आमच्या लोकांना कोण सांगणार? आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे वैर धरल्यासारखं. माणूस येणार, उशाशी बसणार, आजाऱ्याचा हात हातात घेणार, कपाळाला अंगारा लावणार, कशी होती अन् कशी झाली म्हणून डोळे पुसणार, चहा पिऊन जाणार. माझे चुलत दीर तातेराव नारळ अन् अंगाऱ्याची पुडी घेऊन आले. मी बादलीकडं बोट दाखवलं. त्यांना झोंबलं.

"वहिनी, मी घरचा माणूस."

"घरच्याच माणसाचं भ्याव हाये. परका लाजंकाजंनं तरी हात धुतो."

खिडकीतून नमस्कार करून गेले अन् गावभर सांगत सुटले, की सोनूबाईनं सुनंला कोंडून घातली, माणसं तोडली. तोडली तर तोडली. पोर वाचली की जोडीन परत.

पण खरं सांगते, माझ्या तोंडाचा तडाखा सगळ्यात जास्त अर्पितालाच. आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते. "आत्या, जरा गॅलरीत बसू का?" धूळ हाये, न्हाई. "आत्या, द्राक्षं?" न्हाई. "आत्या, ओवीला जरा द्या ना." ओवीला शिंक आली की मी तिला खाली मैमूनाकडं देऊन यायची. मंग ही बया दाराच्या फटीला डोळा लावून बसायची, की जिन्यातून पोरीचा आवाज तरी यावा. मला कळत न्हव्हतं व्हय? सगळं कळत होतं. पण दार मी होते ना.

तिची आई, माझी विहीण बेबीनंदा, शहागडला राहते. हायवेवर तिचं चहा-भज्याचं हॉटेल. एसटीनं यायची, दारात उभी राहायची. एकदा रडकुंडीला येऊन म्हणली, "विहीणबाई, नुसता डोक्यावरून हात फिरवू द्या."

मी पटकन बोलून गेले, "डोक्यावर केस तरी ऱ्हायलेत का हात फिरवायला?"

बोलले अन् जीभ चावली. पण सुटलेला शब्द माघारी येतोय व्हय. बेबीनंदा पदर तोंडात धरून जिना उतरली. आत अर्पितानं ऐकलंच आसल, खोली ती केवढी.

आता ते जुनेर. ओवी जन्मली तवा तिला पहिल्यांदा गुंडाळलं ते माझ्या लुगड्यात. लेकराला नवं कापड घालत न्हाईत. घरातल्या म्हाताऱ्या, धडधाकट बाईचं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं लुगडं काढायचं. त्यालाच आम्ही जुनेर म्हणतो. ते अंगाला लागलं की म्हातारीचं आयुष्य लेकराला लागतं. माझं जांभळं लुगडं होतं, त्याची दुपटी मी हातानं शिवली, अन् बाजंवर पडलेल्या अर्पितासमोर तोऱ्यात म्हणलं, "ह्या सोनूबाईनं उभ्या जन्मात दवाखान्याची पायरी चढली न्हाई. सगळी बाळंतपणं घरात, साधी तापाची गोळी माहीत न्हाई. लागू दे माझं आयुष्य माझ्या नातीला." फुशारकी मारायला मी कधीच कमी पडले न्हाई.

ऊन तापायला लागलं तवा एक दिवस त्यातल्या एका दुपट्याची कड फाटलेली दिसली. उंदीर! मी सगळी खोली उलटीपालटी केली. उंदराच्या लेंड्या म्हणजे रोगाचं घर. खाली जाऊन मैमूनाशी भांडले, की तुमच्या घरात उंदीर हायेत अन् तुम्ही भाडं घेता. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणली, "हमारे घर में चूहे नै सोनूबाई. तुम्हारी आवाज सुनके कबके भाग गए." अर्पिता कॉटवर पडल्या पडल्या सगळं ऐकून राह्यल्ती. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मला वाटलं, उन्हानं गळून गेली आसल.

मंग तो नळी धुवायचा दिवस आला. दोन दिवसांपासून पोरीचं तोंड उतरल्तं, पण ताप न्हव्हता. सकाळीच गेलो. ज्योत्स्ना सिस्टरनं हात धुतले, मोजे घातले, टोपण औषधानं चोळचोळ चोळलं, अन् पाणी सोडलं; पट्टी बदलायची पाळी दोन दिवसांवर होती. सगळं माझ्या डोळ्यांदेखत. बाहेर येऊन रिक्षाला हात केला, तेवढ्यात अर्पिता म्हणली, "आत्या, थंडी वाजायलीय."

मे महिन्याचं जालना. डांबर चपलंला चिकटत होतं. अन् ही पोर थंडीनं थडथड उडायला लागली. दातावर दात, ओठ निळे, नखं निळी. मी तिला कवटाळली, रिक्षावाल्यानं तिचे पाय धरले, अन् तशीच उचलून परत आत नेली.

आत शिरल्या शिरल्या मी ज्योत्स्नाचा हातच धरला. "काय सोडलंस गं? काय सोडलंस माझ्या पोरीच्या अंगात? धडधाकट चालत आल्ती ती!"

तिनं हात सोडवून घेतला. नळीतून एका बाटलीत रक्त काढलं, दुसऱ्या हातातून दुसऱ्या बाटलीत. मला बाहेर काढलं अन् पडदा ओढून घेतला.

डॉक्टर आले ते आदिनाथला फोन करूनच. त्याला निघायला सांगितल्तं. मला म्हणाले, "नळीत आधीपासूनच जंतू बसलेले असणार. पाणी सोडलं तसे ते एकदम रक्तात उतरले."

"मंग सोडलं कामून पाणी?"

"माहीत असतं तर सोडलं नसतं, आजी. हातातून औषध चालू केलंय, रिपोर्टची वाट बघत बसलो नाही. पण हिचा रक्तदाब खाली खाली चाललाय, आणि लढायला अंगात पांढऱ्या पेशीच नाहीत. नळी आत्ता काढावी लागेल."

"अन् कॅन्सरचं औषध?"

"ते थांबेल. रोगाला थोडी मोकळीक मिळेल, हे खरं आहे. पण नळी ठेवली तर पुढचं औषध द्यायला पेशंटच राहणार नाही."

इकडं आड तिकडं विहीर म्हणतात ते हेच. मी म्हणलं, काढा. आदिनाथ अजून वाटंतच होता, त्यानं फोनवर हो म्हणलं अन् त्याचा आवाज फुटला. अर्पिताला काचेच्या खोलीत नेलं.

माझं डोकं भणभणायला लागलं. एवढी राखण केली, मंग आला कुठून जंतू? कुणी लावला हात? तेवढ्यात बेबीनंदा जिन्यातून धापा टाकीत वर आली; खोलीवर आल्ती, तिला मैमूनानं इकडं धाडल्तं. अन् मला तिचं परवाचं येणं आठवलं. मी दूध आणायला खाली गेल्ते, अन् परत आले तर ही दारात उभी होती, एकटी.

"तूच!" मी भर दवाखान्यात वरडले. "मी खाली गेले तवा आत शिरलीस! भज्याच्या पिठाचे हात घेऊन शिरलीस! आता बघ जाऊन, काय करून ठेवलंस ते!"

"विहीणबाई, लेकीच्या गळ्याची आण. मी उंबऱ्याच्या आत पाय टाकला न्हाई. तुम्हाला भिऊनच न्हाई टाकला."

"खोटं बोलती!"

माणसं जमा झाली. बेबीनंदा भिंतीला टेकून खाली बसली अन् दोन्ही हात पुढं करून बघायला लागली, जसं काय तिलाच वाटायलं की असंल काही लागलेलं हाताला. मला त्या वेळी दया आली न्हाई. मला कुणीतरी पाहिजे होतं.

तेवढ्यात ज्योत्स्ना सिस्टर बाहेर आली. तिच्या हातात स्टीलचा ट्रे, त्यात एक चिंधी. बोटभर रुंद, ओलसर, मळकी.

"आजी, कपडे बदलताना हे हिच्या मुठीत सापडलं. मूठ सोडत नव्हती. म्हणते, आत्याचं आहे, दंडाला बांधा." मंग ती हळूच म्हणली, "नळीवरच्या चिकटपट्टीची कड सुटली होती. तिच्याखाली याच रंगाचा धागा निघाला."

जांभळा रंग धुऊन धुऊन उडालेला. कडंला तिरपा टाका. तो टाका माझा. माझ्याशिवाय आमच्यात तसा तिरपा टाका कुणी घालत न्हाई.

मी खाली बसले, बेबीनंदाच्या शेजारीच.

सगळं उलगडलं. उंदीर कुठला अन् काय. तिनंच दुपट्याची कड फाडल्ती. मी दारात पाठमोरी बसायची तवा ती जाळीचा मोजा वर सरकवून नळीच्या टोपणाभोवती माझं जुनेर बांधायची. दवाखान्यात यायच्या आधी सोडून मुठीत घ्यायची, घरी गेलं की परत बांधायची. घामानं भिजलेलं, ओवीच्या लाळेचं, दुधाचं कापड, अन् तेही त्या सरळ रस्त्याच्या तोंडाशी. साऱ्या गावाला मी हात धुवायला लावले, दिराला हाकललं, विहिणीला जिन्यातून रडवत पाठवलं, अन् आत गेल्तं ते माझंच लुगडं.

डॉक्टरनं मला खाली बसलेलं बघून सांगितलं, "यानंच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आमच्या हातातूनही जाऊ शकतं, आम्ही आमचीही तपासणी लावली आहे. पण ओलं कापड तिथं असायला नको होतं." भला माणूस. पण मला धीर देण्यासाठी बोलून राह्यलाय, हे मला समजत होतं.

"फेकू?" ज्योत्स्नानं विचारलं.

मी मानेनंच हो म्हणलं.

बेबीनंदाला चुकलं म्हणायला पाहिजे होतं. ते माझ्या तोंडातून कधी निघालंच न्हाई आजवर, सवयच न्हाई. मी एवढंच म्हणलं, "विहीणबाई, सकाळपासून काही खाल्लं का?"

"न्हाई."

"मी बी न्हाई."

तिनं पिशवीतून फडक्यात बांधलेल्या भाकरी काढल्या. लेकीसाठी आणल्या आसतील. एक मोडून अर्धी मला दिली. आम्ही दोघी खात राह्यलो.

दुपारी एकाच माणसाला आत सोडतो म्हणले. मी बेबीनंदाला म्हणलं, तू जा, आई हाईस. ती म्हणली, "ती तुम्हाला मागून राह्यलीय."

ज्योत्स्नानं मला बेसिनजवळ नेलं. मी कोपरापर्यंत साबण लावला. आजवर हजारदा दुसऱ्याला लावायला लावला आसल, पण त्या दिवशी माझे हात काही केल्या स्वच्छ वाटंनात. शेवटी तीच म्हणली, "बास आजी, कातडी निघेल."

अर्पिता पांढरीफटक पडल्ती. दोन्हीकडून सलाइन, नाकात नळी. डोळे उघडले अन् मला बघून पहिला प्रश्न तोच.

"आत्या, ते कापड कुठंय?"

खोटं बोलणार होते. मंग म्हणलं, आता चोरी-चोरी पुरे झाली. "फेकलं."

तिच्या डोळ्यांतून पाणी सरळ कानात गेलं. "मंग आता?"

मला भयंकर राग आला, अन् रडू आलं, दोन्ही एकदम. "अगं भवाने, पाहिजे होतं तर मागायचं होतंस! चोरून कामून घेतलंस?"

"मागितलं असतं तर तुम्ही वरडल्या असत्या."

"वरडले असते! बिलकुल वरडले असते!" पण ती खरंच बोलल्ती. एवढ्याशा चिंधीसाठी पोर मला विचारायला भ्याली. मी दार झाले, पण दाराला हाक मारावी असं तिला कधी वाटलंच न्हाई.

ती हळूहळू बोलत राह्यली. "तुम्ही ओवीला म्हणला होता, माझं आयुष्य लागू दे. मला वाटलं, थोडं मला बी लागंल. मला मरायचं न्हाई, आत्या. ओवी मला अजून आई म्हणली न्हाई."

मी तिचा हात हातात घेतला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. हात तापला होता, हाडकुळा झाल्ता, माझ्या मुठीत मावत होता.

"चिंधीचं काय घेऊन बसलीस येडे? मी अख्खी हाये ना इथं."

"लागलं का मंग? तुमचं आयुष्य?"

"लागलं. सगळं लागलं. आता झोप."

ती झोपली. ताप लगेच काही उतरला न्हाई. चढायचा, उतरायचा, परत चढायचा. डॉक्टरनं औषध बदललं. आदिनाथ काचेला कपाळ लावून उभा राहायचा. बेबीनंदा अन् मी आळीपाळीनं बाकड्यावर आडव्या व्हायचो. मैमूना ओवीला सांभाळून डबा पाठवायची, अन् डब्यावर निरोप, "पैले हाथ धोना." मंग एके सकाळी डॉक्टर स्वतःहून बाकड्याजवळ आले. दुसऱ्यांदा काढलेल्या रक्तात काही उगवलं न्हव्हतं. रक्तदाब जागेवर आल्ता. पांढऱ्या पेशी जराशा दिसायला लागल्या होत्या. "हे संकट टळलं," ते म्हणाले. "कॅन्सरचं औषध मात्र लांबलंय. अंगात ताकद आली की नवी नळी घालू. तोपर्यंत रोग काय करतो, ते बघावं लागेल. रस्ता लांबचा आहे, आजी."

लांबचा तर लांबचा. मी अर्पिताला दिलेला शब्द मला आठवला. लांबच्या रस्त्याला लांबचं आयुष्य पाहिजे.

ज्योत्स्ना सिस्टर रक्तदाबाची मशीन घेऊन वॉर्डात फिरून राह्यल्ती. मी तिला हटकलं. तिच्याशी भांडल्यापासून आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

"ए बाई, माझं बी बघ जरा. एका आयुष्यावर आता मायलेकी दोघी बसल्यात. कितीसं उरलंय ते तरी कळू दे."

ती पहिल्यांदा हसली. दंडाला पट्टा बांधला, फुगवला. मशीनकडं बघितलं. हसणं गेलं. दुसऱ्या हाताला बांधून परत बघितलं.

"आजी, याआधी कधी तपासलं होतं?"

"मी? मला काय धाड भरलीय? पायरी चढले न्हाई मी कधी."

"डोकं दुखतं? डोळ्यांपुढं अंधारी येते?"

डोकं तर वर्षानुवर्षं दुखतं. उन्हानं, वरडण्यानं, कशानं न् कशानं. मला वाटलं, सगळ्यांचंच दुखत आसल.

तिनं खुर्ची ओढली, मला खांद्याला धरून बसवलं. "उठू नका. अजिबात उठू नका. मी डॉक्टरांना बोलावते."

काचेपलीकडं अर्पिता जागी झाल्ती. उशीला टेकून बसली होती अन् माझ्याकडंच बघून राह्यल्ती. तिनं मोकळा हात वर करून हलवला. मी बी केला, पट्टा न बांधलेला. बांधलेला पदराखाली ओढून घेतला अन् ज्योत्स्नाचा एप्रन धरला.

"हे बघ पोरी, गोळ्या दे, सुया टोच, तुला काय करायचं ते कर. पण आत तिला सांगू नको."